मांजराची बातमी पुरी लिहा

‘विहिरीत पडलेल्या मांजराला जीवदान.’ कोल्हापूरच्या दैनिकांच्या शहर पानावर, खालच्या कोपऱ्यात, अधूनमधून हा मथळा असतोच. खाली चार ओळी. अमुक पेठेत मांजर विहिरीत पडलं, नागरिकांनी अग्निशमन दलाला कळवलं, जवानांनी शर्थीचे प्रयत्न करून त्याला सुखरूप बाहेर काढलं, बघ्यांनी गर्दी केली होती. बातमी संपली. विहीर किती खोल होती, जवानांनी नेमकं केलं काय, मांजर वर आल्यावर कुठं गेलं आणि विहिरीवर जाळी का नव्हती, यांतलं काहीच कळत नाही.

अशा बातम्या छापूच नयेत असं म्हणणारे लोक आहेत. खड्डे, पाणी, हद्दवाढ हे प्रश्न पडून असताना मांजराला जागा कशाला, असं ते विचारतात. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. मांजराची बातमी छापावी, हसत छापावी आणि पुरी छापावी. शहरातल्या ज्या जागांकडे वर्षानुवर्षं कुणी पाहत नाही, तिथं मांजर रोज जातं. माळा, कौलांची वळचण, डीपीची पेटी, पडक्या वाड्यामागची विहीर, उभ्या मोटारीचं बॉनेट. ते तिथं अडकलं म्हणजे त्या जागेत काहीतरी उघडं, तुटकं किंवा धोक्याचं आहे. ही पाहणी ते फुकट करतं आणि वर लोकांना हसवतं.

बातमीचा विषय म्हणून मांजरासारखं दुसरं जनावर नाही. कुत्रा कॅमेऱ्याकडे बघतो, शेपूट हलवतो. मांजर आपल्याच बातमीत रस घेत नाही. लंडनला पंतप्रधानांच्या दाराशी लॅरी नावाचा बोका १५ फेब्रुवारी २०११ पासून उंदीर पकडायच्या हुद्द्यावर आहे. २०२४ पर्यंत त्यानं सहा पंतप्रधान पाहिले. त्यातला कोण आला आणि कोण गेला यानं त्याच्या बैठकीत फरक पडला नाही. जपानात किशी स्टेशनवर तामा नावाची तिरंगी मांजरी जानेवारी २००७ मध्ये स्टेशनमास्तर झाली. डोक्याला टोपी, पगार म्हणून मांजराचं खाणं. तोट्यातल्या त्या छोट्या रेल्वेला तिनं प्रवासी मिळवून दिले. २०१५ मध्ये ती वारली तेव्हा निरोपाला हजारो माणसं आली. सेंट पीटर्सबर्गच्या राजवाड्यात सम्राज्ञी एलिझाबेथनं १७४५ मध्ये कझानहून मांजरं मागवली होती. त्याच जागी नंतर बांधलेल्या वाड्यात आज हर्मिटाज संग्रहालय आहे आणि त्याच्या तळघरांत अजूनही मांजरं आहेत. या बातम्या जगभर आवडीनं वाचल्या जातात, कारण त्यांत नाव, तारीख, हुद्दा सगळं असतं. लक्ष्मीपुरीच्या धान्यदुकानातल्या पोत्यांवर झोपणारी भाटीही हेच काम करते. तिच्याबद्दल लिहिताना मात्र आपण ‘एक मांजर’ म्हणून मोकळे होतो.

आता विहिरीकडे वळू. मांजराला पोहता येतं, पण ते लवकर थकतं. दगडी बांधकामाच्या जुन्या विहिरीत सांध्यांमध्ये नखं रुतवून ते तासन्‌तास लटकू शकतं. सिमेंटच्या गुळगुळीत कड्यांच्या विहिरीत नखांना काहीच धरायला मिळत नाही आणि तिथं वेळ फार थोडा असतो. म्हणून पहिलं काम मांजर वर काढण्याचं नसतं. आधी त्याला टेकायला काहीतरी द्यायचं: लाकडी फळी, रिकामा बंद कॅन, फांद्यांचा भारा. त्यानंतर रुंद तोंडाची बुट्टी घ्यायची, आत ओलं पोतं अंथरायचं म्हणजे नखं रुततात आणि बुट्टी चार बाजूंनी कासऱ्यानं बांधून सपाट सोडायची. दोन बाजूंनीच बांधली तर मांजर काठावर चढताच ती कलंडते आणि मग ते दुसऱ्यांदा बुट्टीजवळ येत नाही. बुट्टी अर्धी पाण्यात बुडवून ठेवायची आणि गप्प बसायचं. बहुतेक वेळा काम बिघडतं ते इथंच. वरून शंभर माणसं ‘आलं, आलं’ ओरडत असतात आणि मांजर विरुद्ध भिंतीकडे जातं. वर आल्यावर अंगावर जाड टॉवेल टाकून उचलावं, कोरडं करावं, उबेला ठेवावं. लगेच बशीभर दूध पुढं करण्याची घाई नको. दूध पिणाऱ्या मांजराचा फोटो छान येतो, पण पुष्कळ मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही आणि थंडीनं गारठलेल्या जिवाला वर जुलाब लागतात. म्हशीच्या धारोष्ण दुधाचं कौतुक असलेल्या गावात हे सांगणं अवघड आहे, तरी सांगायलाच हवं.

आणि एक गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. एप्रिल २०२४ मध्ये नगर जिल्ह्यात, नेवासे तालुक्यातल्या वाकडी गावी, बायोगॅसची शेणस्लरी सोडलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. त्याला काढायला एक जण उतरला, त्याला काढायला दुसरा, मग तिसरा. पाच माणसं गेली. कमरेला दोर बांधून उतरलेला सहावा वाचला. कोल्हापूर जिल्ह्यात दारोदारी जनावरं आहेत, मळ्यात गोबरगॅस आहे, त्यामुळे ही बातमी इथं प्रत्येक वाड्यावस्तीवर नीट कळायला हवी होती. कळली ती ‘मांजराला वाचवताना पाच जणांचा मृत्यू’ एवढीच. त्यात कारण मांजर झालं. खरं कारण वायू होता. कुजत्या शेणातून हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन डायऑक्साइड निघतात. दोन्ही हवेहून जड असल्यानं खड्ड्याच्या तळाशी साचतात. पहिल्याला सडक्या अंड्यासारखा वास असतो, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास गेला म्हणजे धोका टळला असं वाटतं. जुने लोक कंदील सोडून बघायचे. स्लरीच्या खड्ड्यात तेही करू नये. कंदील हायड्रोजन सल्फाइड ओळखत नाही आणि मिथेन असेल तर भडका उडतो. अशा खड्ड्यात कुणीही उतरायचं नाही. वरूनच बुट्टी सोडायची, १०१ किंवा ११२ ला फोन करायचा. आत माणूस बेशुद्ध पडला असेल तर दुसऱ्यानं श्वसनयंत्राशिवाय पाऊल टाकायचं नाही, मग तो सख्खा भाऊ असला तरी. या चार ओळी त्या दिवशी प्रत्येक दैनिकात चौकटीत यायला हव्या होत्या.

उंचीवरून पडणाऱ्या मांजराची बातमी हा दुसरा लाडका प्रकार. ‘तिसऱ्या मजल्यावरून पडूनही मांजर ठणठणीत.’ कोल्हापूरच्या वाचकाला यातलं कौतुक पटकन कळतं. खासबागेत बसून ज्यानं कुस्ती पाहिली आहे, त्याला पाठ मातीला न लावणाऱ्याची किंमत ठाऊक असते आणि मांजर हवेतही चितपट होत नाही. ते आधी कमरेत वाकतं. पुढचे पाय आखडून पुढचं अंग झटकन फिरवतं, तेव्हा मागचे पाय ताणलेले असतात. मग पुढचे ताणतं, मागचे आखडतं आणि मागचं अंग फिरवून घेतं. बाहेरून कसलाही आधार न घेता अंग वळतं कसं, या कोड्यानं शास्त्रज्ञांना हैराण केलं होतं. एत्येन-ज्यूल मारे यानं १८९४ मध्ये पॅरिसला पडत्या मांजराची छायाचित्रं ओळीनं घेतली, तेव्हा कुठं डाव दिसला.

पण बातमीतलं ‘ठणठणीत’ तपासून घ्यायला हवं. न्यूयॉर्कला इमारतींवरून पडून दवाखान्यात आलेल्या १३२ मांजरांचा अभ्यास १९८७ मध्ये छापून आला. त्यातली सुमारे ९० टक्के जगली. हा आकडा सगळे सांगतात, मात्र जी जागीच मेली ती दवाखान्यात आलीच नसणार, हे कुणी सांगत नाही. शिवाय चार पायांवर उतरलेल्या मांजराचीही हनुवटी जमिनीवर आपटते, टाळू चिरते, छातीला मार बसून फुफ्फुसाभोवती हवा भरते. असं मांजर तासभर नीट चालतं आणि मग पलंगाखाली जाऊन तोंड उघडं टाकून धापा टाकू लागतं. तोंडानं श्वास घेणारं मांजर म्हणजे त्याच क्षणी दवाखाना. ताराबाई पार्क, नागाळा पार्क भागात आता उंच इमारती आहेत आणि घरोघरी मांजरं आहेत. खिडकीला जाळी लावा, हे वाक्य त्या बातमीत शेवटी सहज बसतं.

झाडावर अडकलेल्या मांजराचं थोडक्यात सांगतो. त्याची नखं मागं वळलेली असतात, म्हणून चढताना धरतात आणि डोकं खाली करून उतरताना सुटतात. त्याला शेपटीकडून उलटं उतरावं लागतं आणि पुष्कळांना ते उमगायला वेळ लागतो. खाली शांतता असेल तर बरीच स्वतः उतरतात. एक दिवस-रात्र उलटली तर मात्र शिडी आणावी. नारळाचं झाड असेल तर वाटच बघू नये, कारण सरळ खोडावर अर्ध्यात विसाव्याला फांदी नसते.

बिबट्याच्या बातम्यांत तर मांजर न बोलावता येतं. ९ जून २०२४ ला राष्ट्रपती भवनात शपथविधी चालू असताना मागून एक जनावर ऐटीत चालत गेलं आणि देशभर बिबट्या, बिबट्या झालं. दिल्ली पोलिसांनी खुलासा केला की ते घरगुती मांजर होतं. अख्खं मंत्रिमंडळ समोर असताना सगळ्या देशाची नजर स्वतःकडे खेचून घेणं हे मांजरालाच जमतं. कोल्हापुरात मात्र बिबट्या खरोखर येतो, त्यामुळे इथं फरक सांगता येणं गरजेचं आहे. मातीतला ठसा मोजावा. घरच्या मांजराचा जेमतेम तीन सेंटिमीटर रुंद असतो, मोठ्या बिबट्याचा सात ते नऊ. मध्ये रानमांजर असतं. उंच पाय, आखूड शेपूट, शेपटीच्या टोकाला काळी कडी, वजन फार तर कुत्र्याच्या पिलाएवढं. फोटो छापताना शेजारी आगपेटी किंवा नाणं ठेवून काढलेला छापावा, नाहीतर कशाचाही ठसा वाघाचा दिसतो.

ऊसतोडीच्या हंगामात फडात ‘बिबट्याचे बछडे’ सापडतात, त्यांतले काही वाघाटीचे असतात. वाघाटी हे जगातल्या सगळ्यात लहान मांजरांपैकी एक. मोठं झालं तरी दीड किलोच्या आसपास. अंग लहान असलं तरी कायद्याचं संरक्षण मात्र वाघाएवढंच. ती पिल्लं घरी नेऊन बाटलीनं दूध पाजली की संपली. सापडलेल्या जागीच एका क्रेटमध्ये ठेवायची, वन विभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवायचं, दिवस मावळताच माणसांनी तिथून हलायचं. आई रात्री येऊन एकेक उचलून नेते. आपल्या गल्लीतल्या मांजरीचंही तेच. मांजराची पिल्लं सात घरं फिरतात असं आपण म्हणतो आणि निरीक्षण अगदी बरोबर आहे. ती एका वेळी एकच पिल्लू तोंडात धरून नेते. मागं राहिलेली दोन पिल्लं ‘बेवारस’ म्हणून उचलून नेली की आई परत येऊन रिकामा कोपरा हुंगत बसते. लांबून नजर ठेवून काही तास थांबावं.

जाता जाता शब्दांचं. उदमांजर मांजर नाही, पाणमांजर मांजर नाही, जवादी मांजरही मांजर नाही. आपल्या भाषेनं प्रेमानं नाव दिलं म्हणून बातमीत सगळ्यांना एका पोत्यात घालू नये. आणि तिरंगी मांजराला बोका म्हणू नये. केशरी रंगाचा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो. काळा आणि केशरी दोन्ही रंग अंगावर यायला दोन एक्स लागतात, म्हणून तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी भाटीच असते.

‘मांजरामुळे वीजपुरवठा खंडित’ या मथळ्यावर माझा खरा राग आहे. मांजर डीपीवर चढतं ते कबुतराच्या मागं किंवा थंडीत उबेला. ट्रान्सफॉर्मरच्या ११ केव्हीच्या बुशिंगपासून, म्हणजे तार जोडतात त्या चिनीमातीच्या खुंट्यापासून, त्याच्या लोखंडी टाकीपर्यंतचं अंतर मांजराच्या लांबीपेक्षा कमी असतं. पुढचे पाय एकीकडे, मागचे दुसरीकडे, आणि विजेची वाट पुरी होते. मांजर जळतं, फ्यूज जातो, गल्ली अंधारात. बुशिंगवर इन्सुलेशनची टोपी बसवली आणि पेटीतली केबल शिरायची भोकं बुजवली की हे टळतं. मांजर गेलेल्या डीपीवर टोपी होती का, एवढा एक प्रश्न वार्ताहरानं विचारावा. नाहीतर मेलेल्या मुक्या जिवावर सगळा दोष घालून बातमी मोकळी होते.

महापुरात मांजराची खरी परीक्षा होते आणि आपलीही. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ५५ फूट ओलांडले. जनावरं सोडून नेली, कुत्री मालकामागून बोटीत चढली. मांजरं कौलांवर राहिली, कारण मांजर माणसाआधी जागा धरून असतं. कौलावर बसून पाण्याकडे बघणाऱ्या मांजराचा फोटो पाहून गहिवरून येतं, पण पुढच्या पुराला उपयोगी पडेल ते त्याच्याखाली छापायला हवं. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ ही धोका पातळी. सुतारमळा, दुधाळी, शाहूपुरीची कुंभार गल्ली, आंबेवाडी, चिखली इथल्या लोकांनी मांजर ३९ लाच घरात कोंडून घ्यावं. ४३ ला शोधायला गेलात तर ते माळ्यावर शेवटच्या आढ्यामागं असतं आणि हाताला लागत नाही. पिंजरा नसेल तर उशीची जाड खोळ उत्तम. मांजराला मागच्या बाजूनं आत घालायचं, डोकं शेवटी, तोंड सैल बांधायचं, कापडातून श्वास घेता येतो. प्लास्टिकची पिशवी कधीच नको. हाती लागलंच नाही तर त्याला बांधून ठेवू नये, माळ्याची खिडकी उघडी ठेवावी आणि सगळ्यात उंच फळीवर कोरडं खाणं व पाणी ठेवून निघावं. परत आल्यावर घाबरलेलं मांजर ओरबाडतं, चावतं. त्याचे दात सुईसारखे खोल जातात, वरून जखम क्षुल्लक दिसते. साबण आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करायची.

ज्यांना मांजराची बातमी किरकोळ वाटते, त्यांनी मिनामाताची गोष्ट समजून घ्यावी. १ ऑगस्ट १९५४ ला जपानच्या कुमामोतो भागातल्या एका दैनिकानं छोटी बातमी छापली. मिनामाताजवळच्या मोदो नावाच्या कोळीवाड्यात मांजरं झटके येऊन, गरगरा फिरून मरताहेत, शंभरावर मांजरं होती ती जवळजवळ संपली आणि उंदीर मातलेत, तेव्हा त्यांचा बंदोबस्त करावा असं गावकरी म्हणतात. बातमी उंदरांची तक्रार म्हणून छापली गेली. पुढं जवळजवळ दोन वर्षांनी, १ मे १९५६ ला, माणसांमधल्या त्याच आजाराची अधिकृत नोंद झाली. तिथल्या चिस्सो या रासायनिक कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा माशांत, माशांतून मांजरांत आणि माणसांत गेला होता. मांजरं कोळ्यांच्या घरची, मासे तेच, अंग लहान, म्हणून त्यांना आधी झालं. कारखान्याच्याच डॉक्टरनं १९५९ मध्ये सांडपाणी घातलेलं खाणं एका मांजराला देऊन तोच आजार निर्माण झालेला पाहिला, ते कंपनीनं दडवलं. विषारी पाणी थांबलं १९६८ ला.

त्या चार ओळी छापणाऱ्या वार्ताहराबद्दल मला आदर आहे. त्यानं गावाचं नाव, मांजरांची संख्या आणि लक्षणं लिहून ठेवली. पुढचा प्रश्न विचारायचा राहिला: ही मांजरं खात काय होती? पंचगंगेत मेलेल्या माशांचा खच दिसल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतो. नदीकाठची मांजरं तेच मासे उचलतात. एखाद्या वर्षी काठावरची मांजरं अडखळायला लागली, तर ते पहिल्यांदा कुणाच्या वहीत लिहिलं जाईल? शहर पानाच्या वार्ताहराच्याच. म्हणून मांजराच्या बातमीत संख्या, जागा, लक्षणं यायलाच हवीत, आणि गेल्या महिन्यात तिथूनच आलेली बातमी शोधून तिच्याशी ताडून बघायला हवी.

यानं गंमत जाईल ही भीती खोटी आहे. ‘बोक्यानं चकवा दिला’ यात वाचक ओठांतल्या ओठांत हसतो. बोका कुठल्या कौलावरून कुठल्या पत्र्यावर गेला, जवान शिडी घेऊन वळेपर्यंत तो मागच्या खिडकीतून स्वयंपाकघरात कसा शिरला, हे वाचून तो घरात सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवतो. तपशील दिला तरच मांजर मांजर वाटतं. जागा तेवढीच लागते. ‘शर्थीचे प्रयत्न’, ‘सुटकेचा निःश्वास’, ‘बघ्यांची गर्दी’ काढले की पंधरा-वीस शब्द मोकळे होतात. नमुन्यादाखल अशी लिहिता येईल:

‘पेठेतल्या पडक्या वाड्यामागील तीस फूट खोल दगडी विहिरीत काल सकाळी तिरंगी भाटी पडली. पाणी आठ फूट. जवानांनी आधी फळी टाकली, मग चार बाजूंनी बांधलेली पोत्याची बुट्टी सोडली आणि गल्लीला गप्प बसवलं. वीस मिनिटांनी ती आपण होऊन बुट्टीत चढली. वर येताच बुट्टीतून उडी मारून शेजारच्या कौलावर गेली आणि कुणाकडेही न बघता पंजे चाटत बसली. वाड्यात तिची तीन पिल्लं आहेत. विहिरीला कठडा नाही, जाळी नाही. या विहिरीत पडलेलं हे यंदाचं दुसरं मांजर. वाड्यासमोर बालवाडी भरते.’